राजगिऱ्यावरच्या माश्या

सुदामा नगरातला संताजी मोहिते माश्या पोसतो. लोक हसतात, हसू द्या. पेरूत अळ्या पाडतात त्या फळमाश्या. त्यांना पकडायचे सापळे बनवायचे तर आधी माश्या हाताशी पाहिजेत. विजय नगरातल्या एका छोट्या लॅबमध्ये जाळीचे पिंजरे आहेत अन् त्यातल्या माश्यांचा सैपाकी संताजी.

रानात माशी फळाचा रस, पाखराची शीट, असलं काहीबाही चाटून जगते. पिंजऱ्यात ते कुठून आणायचं? म्हणून लॅबच्या यशोधरा मॅडम बनावट खुराक बसवत होत्या. साखर, यीस्ट अन् अंड्याच्या बलकाची पावडर. हा खुराक खाऊन माद्यांनी अंडी घातली तर काम पुढं, नाहीतर लॅबचे मालक पिंजरे भंगारात काढणार.

श्रावण लागला. माश्या खाऊन टुणटुणीत, पण अंडं एक नाही. मॅडमनी खोलीची गरमी बदलली, पाणी बदललं. शेवटी एका सोमवारी हात टेकले.

"संताजी, माझा खुराकच चुकला. मालकांना सांगून टाकते."

संताजीनं कान खाजवला. "मॅडमजी, रुको जरा. तुमचा खुराक त्यांनी खाल्लाच कुठं?"

"म्हणजे?"

"श्रावणात मी अंड्याला हात लावत नाही. पावडरच्या जागी राजगिऱ्याचं पीठ घातलं. ताकदीचंच असतं ना ते!"

मॅडम बघतच राहिल्या. "तुम्ही माश्यांना उपास घडवला?"

"भरपेट उपास, मॅडमजी."

"अन् मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाल्या असत्या."

मॅडमना हसू आलं नाही. "इतके दिवस वाया गेले, संताजी. दुसरा माणूस बघू का?"

"बघा. चूक माझीच हाय. पण श्रावणात अंडं नाही म्हणजे नाही."

मग मॅडमनी पावडरचा डबा स्वतःकडं ओढला. "हे मी घालते. बाकीचं तुम्ही चाळून ठेवा. राजगिरा घरी न्या."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी माश्यांना अंडी घालायला पिंजऱ्यात ठेवलेली पेरूची फोड भिंगाखाली धरली. सालीखाली पांढरे, बारीक, लांबट दाणे. त्यांनी लगेच मालकाला फोन लावला अन् हातानंच खूण केली, ही फोड नीट डब्यात ठेवा.

संताजीनं हात पुढं केला अन् तसाच मागं घेतला.

"मॅडमजी, ही पण अंडीच. तुम्हीच उचला."