कट्यार आणि सात खोकी

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात मी बांधणी विभाग सांभाळते. शाळांच्या प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी आम्ही पाठवतो. त्याआधी नऊ वर्षे मी एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवत असे. चंचुपात्र म्हणजे काय, हे तेव्हा मी मुलांना सांगत असे. आता ते त्यांच्यापर्यंत अखंड पोहोचवते. दोन्हींपैकी दुसरे काम अधिक अवघड आहे, असे माझे मत आहे.

माझ्या थोरल्या भावाचे मत निराळे होते. त्याच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा त्याने मला बाजूला घेतले.

"सोयऱ्याईले मी सांगतलं, तू शाळेतच हायेस म्हणून."

"कावून?"

"मंग काय सांगू? खोके बांधते म्हणू?"

मी म्हटले, हो, तसेच सांगावे. तो जेवायला निघून गेला.

भाचीने रुखवतासाठी काचेच्या बांगड्यांची पालखी केली होती. चार महिने ती तेच करत होती. लग्न अमरावतीला, आणि सामान जाणार टेम्पोतून. गाद्या, कूलर आणि दोन काकांसह.

"आत्या, पालखी फुटली न, तर मी बोहल्यावर उभीच राहत नाही."

मालकांना विचारून, कामाची पाळी संपल्यावर मी रुखवत गोदामात आणले. बांधणीचे पहिले तत्त्व असे, की वस्तू खोक्यात हलता कामा नये. दुसरे असे, की हमालावर भिस्त ठेवू नये. यात हमालाचा अपमान नाही. त्याला दिवसभर खोकी उचलायची असतात आणि त्यांतले आपले कोणते, हे त्याला ठाऊक नसते. मी प्रत्येक बांगडी तपासली, यादी केली, पोकळ्या कागदाच्या बोळ्यांनी भरल्या आणि पालखीचे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात बसवले. एकूण सात खोकी झाली. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, दुहेरी.

आमचे कटर भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असतात. निघताना मी ते मोजते. एकही बाहेर जात नाही. हा नियम माझाच आहे. त्यामुळे सातही खोकी अमरावतीला पोहोचली आणि कटर अकोल्यात खिळ्यावर राहिले.

वरपक्षाच्या बायका ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी रुखवत पाहायला आल्या. टेबलावर पांढरी चादर होती. रुखवत खोक्यांत होते.

"काय हो हे, बाई?" नवरदेवाची आई म्हणाली. "बँकेची तिजोरी बांधून आणली का?"

"फाड न एका बाजूनं!" भाऊ माझ्या कानाशी म्हणाला.

"फाडायचे नसते."

आचाऱ्याच्या सुऱ्या त्याच्या टेम्पोत होत्या आणि टेम्पो बडनेऱ्याच्या पुलावर अडकला होता. किल्लीने टेप फाटते, हे खरे; पण किल्ली सरळ चालत नाही, आणि आत काच होती. भाची अर्धी वेणी घातलेल्या अवस्थेत दारात येऊन उभी राहिली. ती फक्त सातव्या खोक्याकडे पाहत होती.

तेवढ्यात नवरदेव समोरून चालला होता. हातात कट्यार, टोकाला लिंबू. कट्यारीला धार नसते. पण टोक असते, आणि टेपला टोकच लागते. मी कट्यार मागितली.

"हळद लागली त्याले!" त्याची आई ओरडली. "आता कट्यार हातातून सुटत नाही!"

"मग त्यांनाच बसू द्या."

लिंबू आईच्या हाती देऊन नवरदेव जमिनीवर बसला. मी त्याला सांगितले, की टोक अगदी थोडे घुसवावे, फटीवरून सरळ न्यावे आणि आपल्यापासून दूर न्यावे. पहिल्या दोन खोक्यांत टोक खोल गेले.

"इतके नाही. आत तुमचाच संसार आहे."

"मॅडम, परीक्षा घेऊन राहिल्या का?"

"हो. सातवे खोके प्रात्यक्षिकाचे आहे."

सातव्याला त्याने श्वास रोखून धरला. कागदाचे बोळे मी स्वतः काढले. पालखी उभी होती. दांडीजवळची एक बांगडी तडकलेली दिसली, तेव्हा भाची दारातून धावत पुढे आली. मी तिला यादी दाखवली : 'दांडी, डावी बाजू, तिसरी, बांधण्यापूर्वीच तडकलेली.' तिने ते दोनदा वाचले आणि वेणी पुरी करायला गेली.

नवरदेवाची आई भावाकडे वळली. "तुमची बहीण शाळेत शिकवते म्हणलं होतं न तुमी?"

भावाने खोक्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"शिकवत होती. आता अकोल्याले बांधणीचं काम पाहते. सारा विभाग तिच्या हाताखाली हाय."

माझ्या हाताखाली दोघे आहेत. ते मी तिथे सांगितले नाही.

"मंग आमच्या नांदगाव खंडेश्वरपर्यंत तुमीच बांधून द्या, बाई."

मी होकार दिला आणि रिकामी खोकी तपासली. सातपैकी पाच पुन्हा वापरण्याजोगी होती. नवख्या हातासाठी हे ठीक आहे. तसे मी नवरदेवाला सांगितलेही.