शनिवारचं पाणी

दिनानाथ सरांना रोह्यात सगळे 'पाणीवाले सर' म्हणायचे, आणि त्यात निम्मी थट्टाच असायची. गडब गावाहून एसटीनं यायचं, विज्ञान शिकवायचं, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना घेऊन नदी गाठायची. पोरं गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या भरायची, औषधाचे थेंब टाकायची. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर तिथं मासा जगायचा नाही. माणसाला एकेक वेड असतं. निवृत्तीआधी नदीत मासे परतलेले बघायचे, हे सरांचं.

कित्येक वर्षं साका पांढराच. मग दोन वर्षांपूर्वी तो तपकिरी झाला आणि होतच राहिला. सर हरखून गेले. पेणच्या शिक्षकांपुढं छाती फुगवून सांगून आले, नदी सुधारतेय. एका कंपनीच्या फाटकावर तर पोरांच्या या तपासण्यांचा फलक लागला, खाली शाळेचं नाव.

मग एका बुधवारी पुलावरून जाताना त्यांना मासे दिसले. भरतीबरोबर वर आलेले, पोटं वर करून तरंगणारे.

संध्याकाळी त्यांनी प्रणितला गाठलं. प्रणित त्यांचाच विद्यार्थी, पाणी तपासण्यात सगळ्यांत तयार. दोन वर्षांपूर्वी सरांच्याच शब्दावर त्या कंपनीत पाणी तपासायला लागलेला.

"आज काय सोडलंत रे नदीत?"

प्रणितनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "आजच नाय सर. रोजच सोडतात. शुक्रवार-शनिवार तेवढं बंद."

"ते का?"

"पोरं उतरतात ना पाण्यात. आमच्या पायांना फोड यायचे, आठवतं? नोकरीला लागल्यावर पहिलं तेच मागून घेतलं. साहेब लगेच व्हय म्हणाले."

म्हणणारच. साहेबांच्या ते पथ्यावरच पडलं.

सरांना प्रणितवर चिडायचं होतं, पण चिडता येईना. त्यानं पोरांचंच भलं बघितलं होतं. आता वार बदलून बुधवारी जावं, तर पोरांचे पाय सोलवटणार. तोच शनिवार धरावा, तर आपण खोटं शिकवतोय. तक्रार करावी, तर पुरावा म्हणून कंपनी आपलाच फलक दाखवणार. परतीच्या एसटीत सरांना रडू आलं, आणि ते कुणाला दिसलंही नाही.

शनिवारी ते काठावरच बसून राहिले. पाण्यातून आठवीतल्या भूमिकानं बाटली उंच धरली.

"सर, आजपण तपकिरी. चांगलं हाय पाणी."

ती बाहेर आली. तिच्या ओल्या पायांवर एकही फोड नव्हता. सर त्या पायांकडं बघत राहिले.

"चांगलं हाय म्हणून लिही गो," ते म्हणाले.