जुनी गाडी जानेफळच्या रस्त्यावर

गिरजा गेली तेव्हा मी पिठाच्या गिरणीवर रांगेत उभा होतो. शेजारचा नामदेव धावत आला. म्हणाला, "दादा, दळण राहू द्या, घरी चला." मी ज्वारी तशीच उचलून आणली. गिरजाले काय, दळलेली अन् बिनदळलेली सारखीच झाली होती... आज महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, मले नीट लिहिणं येत नाही. पण बायको मेल्यावर तरी एक गोष्ट कबूल करतो.

मी तालुक्याच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होतो, लाइन जानेफळची. घर जानेफळातच, स्टँडासमोर. अकराची फेरी आली की गिरजा फडक्यात भाकर बांधून उभी असायची. मी खिडकीतून हात काढायचो, ती भाकर ठेवायची. दिवसभरात एवढीच भेट, पण रोजची.

डेपोची रीत अशी होती, की नवी गाडी आधी नागपूरच्या लाइनीवर जाणार. तिथं पळून पळून खिळखिळी झाली की मग आमच्यासारख्या खेड्याच्या रस्त्यावर येणार. अन् नवी गाडी मिळायची ती सगळ्यात जुन्या ड्रायव्हरले. महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन सालांनी एक कोरी गाडी आली, अन् नंबर माझा लागला. डेपोतले म्हणाले, "आता तू आमच्याशी काऊन बोलशीन बे, नागपूरवाला झाला तू!" मी फुगलो. पण नागपूर म्हणजे आठवड्यातून एकदा घर. गिरजाले सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी होती. तव्यावरची भाकर उलटली अन् म्हणाली, "जा. जुनी झाली की गाडी इकडंच येते ना? मंग तिच्यासंगं तुमी बी या."

"हाव," मी म्हणलो.

गाडी जुनी झाली. जानेफळच्या लाइनीवर लागायचा हुकूम आला. पण त्याच आठवड्यात दुसरी नवी आली होती. डेपोतल्या साहेबानं विचारलं, "जुन्या गाडीसोबत जातोस, का नवी घेतोस?" मी नवी घेतली. घरी निरोपसुद्धा धाडला नाही.

जुनी गाडी आमच्याच डेपोतल्या रहीममामूच्या हातात गेली. पुढचं त्यानंच मले सांगितलं. काचेवर मी कमळ रंगवून घेतलं होतं, ते गिरजाले सांगितलं होतं; ते तिनं लांबूनच ओळखलं. भाकर घेऊन ती खिडकीपर्यंत पळत आली, अन् शिटावर मामूले पाहून थांबली.

"भाभी, त्यानं नवी घेतली," मामू म्हणाला.

"असं व्हय... मंग ही तुमीच खा, मामू."

मले ती कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. मी परतलो तो पेन्शनीतच. शेवटच्या दुखण्यात मीच विचारलं, "गिरजे, तेव्हा मले शिव्या काऊन नाई देल्या?"

"तुमी आले ना शेवटी."

"म्हातारा होऊन आलो व."

"मंग? आपल्या रस्त्यावर नवं कधी काय आलं?" असं म्हणून हसली, अन् हसता हसता खोकली. मी पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी मी दळणाले गेलो...

अकराची गाडी अजून येते. मी गिरजाच्या जागेवर जाऊन उभा राहतो. आधी गाडी दिसते, मग काच, मग शीट. शिटावर दुसराच माणूस असतो. "बाबा, येता काय?" तो विचारतो. मी नाही म्हणून मान हलवतो. तिले त्या दिवशी हेच दिसलं होतं.