गोलात दिलेला अंगठा

भित्री म्हणून मला घरात लहानपणापासून चिडवायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. शाळेत उत्तर येत असलं तरी मी हात वर करायची नाही. शेजारणीनं केला की मग करायची. सातवीपर्यंत शिकले, अक्षर चांगलं होतं, पण फळ्यापाशी बोलावतील या धास्तीनं मागच्या बाकावर बसायची. पुढं विड्या वळायला लागले तेव्हा हा स्वभाव बरोबर आलाच.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली होती आणि ते दिवसभर घरात बसून खोकायचे. आई नव्हती. माझ्या विड्यांवर घर चालायचं. मांडीवर सूप घ्यायचं, सुपात कातरलेली टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू, आणि सकाळपासून मान वर न करता वळत राहायचं. मग पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून ब्रँचवर नेऊन द्यायचे. ब्रँच म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीतली पत्र्याची लांब खोली. कठड्याच्या पलीकडं मॅनेजर आणि चेकर, अलीकडं आम्ही सव्वीस बायका. हातात कारखान्याचं कार्ड असेल तरच पान-तंबाखू मिळायची. कार्ड गेलं की चूल थंड.

कार्ड मिळालं त्या दिवशी मॅनेजरनं रजिस्टर पुढं सरकवलं. वरपासून खालपर्यंत सगळे अंगठे. पेन तिथंच पडलं होतं. मी अंगठा दिला. चारचौघींत वेगळं दिसायला नको, एवढंच कारण. सही करायला मला वडिलांनी शिकवलं होतं, त्यांना हे कळलं असतं तर फार लागलं असतं. म्हणून घरी बोलले नाही, आणि मग दर आठवड्याला अंगठाच देत राहिले.

मला लिहिता येतं हे तिथं एकट्या अक्कांना ठाऊक होतं. अक्का आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. नवरा मागावर चादरी विणायचा. विडी वळायला मला त्यांनीच शिकवलं, आणि भिवंडीला गेलेल्या त्यांच्या मुलाची पत्रं मी वाचून दाखवायची. भांडायचं असेल तेव्हा अक्का पुढं आणि बाकीच्या पंचवीस जणी मागं, हे ब्रँचवर ठरून गेलेलं होतं. मी त्या पंचवीसांतही शेवटच्या भिंतीला टेकलेली असायची.

भांडण होतं छाटीचं. चेकर कट्टा हातात घ्यायचा, दाबून बघायचा आणि त्याला वाटेल तेवढ्या विड्या ओढून टोपलीत टाकायचा. ही छाट. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत. वाईट वळली असेल तर नका देऊ, आमचं म्हणणं नव्हतं. पण ती टोपली आत जायची, आणि आतमध्ये तीच विडी चांगल्या विडीच्या शेजारी पाकिटात बसायची. आमच्यातल्या एकीनं हे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा अक्कांनी मागणी काढली: विडी वाईट असेल तर आमच्यासमोर मोडा. मोडवत नसेल तर घ्या.

तोंडी सांगून झालं. मॅनेजर हसला. मग अक्का एका दुपारी माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, अर्ज ल्ही."

लिहायची मला भीती. नाही म्हणायचीही मला भीती, त्यामुळं लिहायला बसले. नवी पेठेतून दोन कोरे कागद आणले होते. पहिल्यावर माझं नेहमीचं अक्षर उमटलं म्हणून तो फाडला. दुसऱ्यावर अक्षर मुद्दाम तिरकं, वेडंवाकडं काढलं. खाली अंगठ्यांसाठी जागा सोडताना माझ्या भित्र्या डोक्यातून एक कल्पना निघाली. एकाखाली एक अंगठे घेतले तर पहिली कोण ते लगेच दिसणार. म्हणून मी कागदावर वाटी पालथी घातली आणि तिच्या कडेनं गोल काढला. या गोलावर सगळ्यांनी अंगठे द्यायचे, म्हणजे पहिलीही नाही आणि शेवटचीही नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

अक्का गोलाकडं बघून हसल्या. "आगं, गोलाला बी कुटंतरी सुरुवात करावी लागती की," म्हणाल्या आणि अंगठ्याला शाई लावून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत बायका एकेक करून त्यांच्या खोलीत येऊन गेल्या. अर्ज कुणी लिहिला म्हणून विचारलं की अक्का सांगायच्या, "घेतला की एकाकडनं लिवून." मी कोपऱ्यात सूप घेऊन नुसती शेजारीण म्हणून बसले होते. सगळ्यांत शेवटी माझा अंगठा. आणि गोल असल्यामुळं शेवटची जागा नेमकी पहिलीच्या शेजारी आली. जागा इतकी थोडी उरली होती की माझ्या अंगठ्याची कड अक्कांच्या अंगठ्यावर चढली. पुसता येईना. रात्रीपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही.

अर्ज अक्कांनी दिला. मॅनेजरनं घडी घालून खिशात ठेवला आणि रजिस्टर पुढं ओढलं. पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. गल्लीत सायकलची घंटी वाजली की मॅनेजर आला असं वाटायचं. बोटावरची शाई मी राखेनं घासली, विटकरीनं घासली, कातडं लाल झालं तरी घासत राहिले. त्या सोललेल्या बोटानं विड्या सैल वळल्या जायच्या, आणि सैल वळल्या म्हणून चेकर माझी छाट जास्त काढायचा. वडिलांनी विचारलं, "काय गं, ताप हाय का?" मी म्हटलं, "न्हाय, ऊन लागलंय." त्यांनी मला कांदा फोडून दिला. अक्कांच्या नादी लागून आपण घरावर काय ओढवून घेतलं, असं तो कांदा खाताना मनात आलं. अक्कांचा मला रागही आला, हे कबूल करते.

चौथ्या दिवशी दुपारी माल द्यायला गेलो तर चेकर हात बांधून बसलेला. मॅनेजर कठड्याबाहेर आला. त्यानं दार लावून घेतलं आणि अर्ज उघडून आमच्यासमोर धरला.

"अंगठे तुमचे आहेत, ते कळलं. लिहिणारा कोण? इथल्या सगळ्या अंगठेबहाद्दर. बाहेरचं कोण घुसलंय आपल्यात?"

पत्रा तापला होता आणि तंबाखूचा वास कोंडला होता. मी अक्कांच्या बरोब्बर मागं उभी होते. त्यांच्या अंबाड्याखालचा घामेजलेला मानेचा भाग माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"नाव सांगा आणि माल द्या," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर आज कुणाचाच माल घेणार नाही."

"मी लिवलाय," अक्का म्हणाल्या.

मॅनेजर तोंड भरून हसला. त्यानं खिशातलं पेन काढून अक्कांच्या हातात दिलं, अर्ज उलटा करून कठड्यावर ठेवला. "लिही. एक ओळ लिही, मी तुमची मागणी मान्य करतो."

अक्कांनी पेन घेतलं. दोरा गुंडाळताना विडी धरतात तसं त्यांनी ते तीन बोटांत धरलं होतं. टोक कागदाला लागलं आणि तिथंच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मला सगळं करता आलं असतं. दोन पावलं पुढं जाऊन पेन हातात घ्यायचं आणि एक ओळ लिहायची. पण डोळ्यांसमोर वडील दिसत होते, थंड चूल दिसत होती, आणि त्यांच्या आडून खरं सांगायचं तर फक्त भीती दिसत होती. मी मान खाली घातली आणि अक्कांच्या टाचांकडं बघत राहिले. अक्कांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

"न्हाय येत लिवायला," अक्का म्हणाल्या. "पन अर्ज माजा हाय. सांगितला मी, काडला मी. कुणाकडनं लिवून घेतला ते सांगनार न्हाय."

मॅनेजरनं त्यांचं कार्ड मागितलं. त्यांनी कंबरेचं काढून दिलं आणि दार उघडून निघून गेल्या. बाकीच्यांचा माल घेतला गेला. माझाही घेतला.

सोमवारी चेकरनं माझ्या कट्ट्यातल्या तीन विड्या ओढल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत मोडल्या. पुढच्या बाईची एकच मोडली. तिसरीची एकही नाही. वरून काय हुकूम आला होता कोण जाणे, पण छाट निम्म्यावर आली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. मीही हसले. मग एकदम लाज वाटली आणि मी तशीच अक्कांकडं गेले.

अक्का नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी चरखा थांबवला. "मोडली? तुज्या म्होरं?" त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि मांडीवर थाप मारून हसल्या. कार्डाचं काही बोलल्या नाहीत. मला माफी मागायची होती. त्याऐवजी मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी तुमी एकदा बी मागं बघितलं न्हाय."

त्या पुन्हा चरखा फिरवायला लागल्या. फिरवता फिरवता म्हणाल्या, "बगू वाटत हुतं की. भ्या मला बी वाटत हुतं. पन तू खाली मान घालून हुबी दिसली असतीस, तर मी तुजं नाव सांगून टाकलं असतं."

मी त्यांच्या शेजारी बसून सुताचा गुंता सोडवायला घेतला. मी तशीच उभी होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.