बाबांना ऐकू येणारा बास

बाबांच्या कानातून पहिल्यांदा गेला तो ‘स’. मग ‘श’ गेला, मग कुकरची शिट्टी, मग आईचा आवाज. राहिलं ते जाड, खालचं: पाण्याच्या टँकरची धडधड, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं तर त्याची घरघर. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसवर त्यांची उमर गेली. कंपनीच्या डॉक्टरने कानात बॅटरी मारली आणि निदान सांगितलं, ‘वय झालं.’ त्या रांगेतल्या सगळ्याच प्रेसवाल्यांचं वय एकदम झालं होतं. त्यातल्या दोघांची तर लग्नंही व्हायची होती.

बाबा गाणारे होते. युनियनच्या कलापथकात पुढे बाबा आणि मागे त्यांचा झीलकरी, म्हणजे ओळ उचलून धरणारा जोडीदार. तो शेजारच्या प्रेसवर कामाला होता. मी अक्षरं शिकले ती आमच्या घरी गठ्ठ्यांनी पडलेल्या पत्रकांवर, आणि ताल शिकले तो या दोघांच्या डफावर. कान गेले तसं बाबांचं गाणं सुटत गेलं. पेटी ऐकू येईना, म्हणून सूर हलायचा. डफाची थाप कळायची, पण थापेला सूर नसतो. एका सभेत पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. ते बाबांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यानंतर त्यांनी डफ खुंटीला टांगला.

बदलापूरला एका नातलगाच्या हळदीत मला बास सापडला, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. अंगणात बँजो पार्टी लागली होती. सगळी पोरं नाचत होती आणि बाबा स्पीकरच्या खोक्याला तळवा लावून उभे होते. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. जवळ गेले तर ते गात होते, आणि सुरात गात होते.

‘हे काय वाजतंय?’ त्यांनी विचारलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, ओरडून.

मी मागे उभ्या असलेल्या बासवाल्याकडे बोट केलं. हळदीने पिवळा झालेला, तोंडात मावा.

बाबा त्याला म्हणाले, ‘मला तुझंच ऐकू येतंय रे फक्त!’

‘काका, तुम्ही पयलेच,’ तो म्हणाला. ‘हितं माझं कुणालाच ऐकू जात नाय. बंद केला तरी कुणी इचारत नाय.’

महिन्याभरात मी उल्हासनगरला गेले. वाद्यांचं दुकान फर्निचरच्या गल्लीत होतं, आणि आतले बासही शेजारच्या कपाटांच्याच प्लायवूडचे वाटत होते. मी सगळ्यात स्वस्त दाखवा म्हटलं. दुकानदार सिंधी, म्हातारा, बनियनवर बसलेला. मी विचारलं, ‘कंपनी कुठली?’

‘कुठली पाहिजे?’ त्याने खण उघडला. आत सोनेरी अक्षरांचे स्टिकर. ‘बोलो बेटा, अमेरिका लगाऊं, जपान लगाऊं?’

‘काहीच नको. कोरा द्या.’

‘पयली गिऱ्हाईक देखी,’ तो म्हणाला, ‘जिसको झूठ नही चाहिए.’

तो कोरा बास मी घरी आणला. स्वस्त बास बाळगणं म्हणजे काय ते ज्याच्याकडे असतो त्यालाच कळतं. दांड्यावरच्या पितळी पट्ट्यांची टोकं कानशीने घासली नाहीत तर बोटं सोलून निघायची. वायर लावली की तो मधमाश्यांसारखा गुणगुणायचा आणि तारांना हात लावला की गप्प व्हायचा. एका खुंटीची तार दोन गाण्यांत उतरायची. वाजवायला बदलापूरचा बासवालाच शिकवत होता. त्याला फोन केला की तो म्हणायचा, ‘ताई, माझा बी तसाच. जुना झाला की आणखी बिघडतो, पण तवर आपली सवय होती.’ आमच्यासारख्यांच्या हातात येतं ते सगळं असंच असतं. वस्तू सुधारत नाही, आपणच तिच्या खोडीप्रमाणे वाकतो, आणि याला लोक अनुभव म्हणतात.

पण बाबा बासला जोडलेल्या स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून बसायचे आणि गायचे. माझ्या खालच्या सुराला धरून त्यांचा आवाज सरळ उभा राहायचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘आला का गं तुझा बाप परत?’

आणि मग बाबांचा जोडीदार गेला. प्रेसमधून काढून त्याला शेजारच्या केमिकल कंपनीत कंत्राटावर घेतलं होतं. ड्रम धुताना आग लागली. सायरन झाला म्हणे. पण तोही प्रेसवालाच. सायरनचा आवाज वरचा असतो.

 चार दिवसांनी केमिकल कंपनीच्या गेटसमोर शोकसभा ठरली. कुटुंबाला भरपाई द्या आणि कंत्राटी माणसांचे कान तपासा, अशा दोन मागण्या होत्या. पत्रक मी लिहिलं. बाबांनी ते वाचलं, एक विशेषण खोडलं आणि म्हणाले, ‘त्याचं गाणं मी म्हणणार. दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही.’ हे गाणं दोघांनी मिळून बांधलं होतं. झील आता कलापथकातली पोरं धरणार होती. बाबांना सूर मी देणार होते. ते चारचौघांत पुन्हा गाऊ शकतील की नाही, हे त्या एका गाण्यावर होतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सभेच्या दिवशी सकाळी मी विठ्ठलवाडीला पत्रकं वाटायला गेले होते. मे महिना होता. दुपारी घरी आले तर बाबा गच्चीवर. पत्र्याच्या शेडवर त्यांनी ओळीने मांडून ठेवलं होतं: दोन डफ, आणि डफांच्या शेजारी, तारा सूर्याकडे करून, माझा बास.

कलापथकातल्या कुणालाही विचारा. गाण्याआधी डफ तापवायचा असतो. ऊन असेल तर उन्हात, नसेल तर कागद पेटवून त्यावर. कातडं तापलं की ताणतं, मग बोलतं. बाबांनी आयुष्यभर जे केलं तेच त्या दिवशी केलं, आणि फार निगुतीने केलं. बासच्या खाली स्वतःचा पंचा अंथरला होता.

‘चांगला तापलाय!’ ते खूश होऊन ओरडले. ‘आता बघ कसा बोलतो!’

हात लावला तर चटका बसला. मी तो खाली सावलीत आणला. दांडा पुढे वाकला होता, तारा दांड्यापासून बोटभर उचललेल्या. पट्ट्यांवर दाबून वाजवणं शक्य नव्हतं. पण मोकळ्या तारा सुरात लागल्या. मी ठरवलं, मोकळ्या तारेवर फक्त षड्ज धरायचा. बाबांना तेवढा पुरेल.

पाळी सुटायच्या वेळेला सभा सुरू झाली. बदलापूरचा बासवाला स्वतःचा स्पीकर घेऊन आला होता. त्याने बास पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘उन्हात ठेवलेला काय गं?’

‘गप बस,’ मी म्हटलं.

बाबा खोक्याला पाठ लावून उभे राहिले. पहिलं कडवं त्यांनी असं म्हटलं की गेटवरचे वॉचमनही उठून उभे राहिले. समोर जोडीदाराची बायको बसली होती. तिने पदर तोंडात धरला होता.

दुसऱ्या कडव्यात तार उतरायला लागली. तारा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात, ती प्लायवूडमधून स्क्रूंसकट वर येत होती. मी एका हाताने तार छेडत होते आणि दुसऱ्या हाताने खुंटी पिळत होते. खुंटी पिळली की पट्टी आणखी उचकटायची. सूर हळूहळू खाली चालला होता. आणि बाबा त्याच्याबरोबर खाली चालले होते. पोरांची पेटी आणि झील जिथल्या तिथे होती. बाबा एकटे, अगदी इमानाने, माझ्या उतरत्या तारेला धरून उतरत होते. आवाज घशात गेला, मग छातीत गेला, मग नुसती खरखर. कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. वाईट माणसं नव्हती ती. त्यांनाही हसू आवरलं नाही.

काडकन पट्टी निघाली. बास बंद पडला. पोरं गातच होती. बाबा ओळीच्या मध्ये थांबले, वळले आणि माइकमध्ये मला विचारलं:

‘संपलं का?’

आता सगळं गेट हसलं. जोडीदाराची बायको उठून आली आणि तिने त्यांचा हात धरला. ‘भावजी,’ ती म्हणाली, ‘बसा आता.’

दुसऱ्या दिवशी बाबा मोडका बास घेऊन दारात उभे. ‘चल उल्हासनगरला. त्या दुकानदाराला विचारू. गरिबाला असला माल विकतो? त्याच्या नावाचं पत्रक काढ तू.’

मी बास त्यांच्या हातातून घेतला आणि निघाले. बहिऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नाही. सांगायची तर सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी सांगावी लागते.

दुकानात बाबांनी गल्ली गोळा होईल एवढ्या आवाजात त्याला झाडलं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याने बास उलटा केला, सुटलेल्या प्लायवर नख फिरवलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘बेटा, धूप में रखा था ना? गोंद पिघल गया है.’

‘काय म्हणतोय?’ बाबांनी विचारलं. ‘काय म्हणतोय तो? सांग.’

लोक बघत होते. पत्रकात खोटं लिहायचं नाही हे मला शिकवणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठ वाचायला.

‘उन्हात ठेवल्यामुळे झालं, बाबा!’ मी ओरडले. ‘तुम्ही तापवलात त्यामुळे!’

त्यांनी बासकडे पाहिलं.  मग चपला काढल्या, दुकानदारासमोर हात जोडले आणि म्हणाले, ‘माफ करा शेठ. चूक माझी होती. तुमच्या मालात खोट नाही.’

खोट होती. गोंदात होती, प्लायमध्ये होती, त्या खणात होती. प्रेसमध्ये होती, डॉक्टरच्या बॅटरीत होती, ड्रम धुवायला पाठवणाऱ्या कंत्राटात होती. माझ्याजवळ एवढं मोठं पत्रक तयार होतं, आणि ज्याच्यासाठी ते होतं त्याने सगळा गुन्हा स्वतःवर घेऊन चपला घातल्या होत्या.

‘अंकल, बैठो, पानी पियो,’ दुकानदार म्हणाला. बाबांना ते ऐकू आलं नाही. ते पायरी उतरून रस्त्याच्या मधोमध चालायला लागले. मागून एक रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, शिव्या देत होता. मी धावत गेले आणि त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं.