पाच धुण्यांचा टी-शर्ट

साध्या टी-शर्टाला कसला आलाय किस्सा, असं मला पुष्कळ जण विचारतात. छाप नाही, खिसा नाही, गोल गळा आणि दोन बाह्या! पण एकदा लातुरात क्लासेसच्या गल्लीत दुकान टाकून बसा. दर जूनला अकरावीची नवी पोरं येतात, सोबत आई-बाप येतात आणि प्रत्येक जण एकच विचारतो, "टिकेल का?" त्या एका प्रश्नावर माझ्याकडे इतके किस्से जमलेत की बायको म्हणते, दुकानात मालापेक्षा हेच जास्त आहेत.

दुकान हमीदचाचांचं. मी आधी त्यांच्याकडे कामाला, मग भागीदार. यातले बहुतेक किस्से त्या वर्षातले, ज्या वर्षी समोर दुमजली शोरूम उघडलं. काचेचे दरवाजे, एसी, "तीनवर एक फ्री"! आमच्याकडे एक पंखा आणि चाचा. आपलं दुकान राहतं की जातं, या काळजीनं माझी भूक गेली होती. चाचा मात्र निवांत चहा पीत होते.

* * *

चाचांना कपडा कळायला लागला तो त्र्याण्णवच्या भूकंपात. पडलेल्या गावांसाठी जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले होते आणि चाचा आपणहून ते निवडायच्या कामाला गेले होते. त्यांनी एका म्हाताऱ्या बाबांना बनियन दिलं. बाबांनी गळा दोन बोटांनी ताणला, सोडला, तो परत जागेवर येतो का पाहिलं आणि बनियन बाजूला ठेवलं. दुसरं दिलं, तेही बाजूला. तिसरंही तसंच!

शेजारचा एक जण वैतागला. "अहो बाबा, फुकट हाय, घ्या की!"

बाबा म्हणाले, "घर पडलंय लेकरा. डोळे शाबूत हायत."

चाचा सांगतात, त्या दिवसापासून त्यांनी गळा ताणल्याशिवाय एक नग विकला नाही.

* * *

चाचांचा दुसरा नियम त्याहून कडक. कुठलाही नवा लॉट आला की त्यातला एक टी-शर्ट घरी जायचा. चाची तो पाच वेळा धुणार, गच्चीवर कडक उन्हात वाळवणार आणि मगच बाकीचे दुकानात लागणार.

आता आमच्या लातुरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी! शेजारणी हंडे मोजून वापरत होत्या आणि चाची एकच टी-शर्ट पाचव्यांदा पिळत होती. शेवटी एकदा ती ओला टी-शर्ट घेऊन थेट दुकानात आली. गिऱ्हाईकं होती, पण तिला कुठली पर्वा!

"पीने कू पानी नै, और इनके टी-शर्टां रोज नहाते!"

चाचांनी टी-शर्ट उजेडात धरला, शिवण तपासली आणि शांतपणे विचारलं, "चौथा है की पाँचवाँ?"

चाची दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच निरोप पाठवला, "रंग छोड़ रा. वापस करो." तो अख्खा लॉट चाचांनी परत केला. लॉट पास-नापास करणारी खरी परीक्षक चाचीच होती.

* * *

भोकरहून एक ताई आल्या होत्या, सोबत बारावीतला मुलगा. त्याला नवे टी-शर्ट हवे होते. "असा काही अभ्यास करतंय की, कपडेच टिकना गेलेत बघा!" ताई कौतुकानं सांगत होत्या.

चाचांनी जुना टी-शर्ट हातात घेतला. मला कळलं, आता काहीतरी होणार. चाचांचं म्हणणं असं की अभ्यास करणाऱ्याचा टी-शर्ट पोटावर झिजतो, कारण तिथं टेबलाची कड लागते. त्यांनी पुढची बाजू पाहिली, मग मागची.

"ताई, पोट नवं कोरं हाय. पाठ इरलीय."

ताईंना क्षणभर समजलं नाही. मग त्यांनी सावकाश मान वळवून मुलाकडे पाहिलं. हॉस्टेलच्या खाटेवर कोण किती पडून असतं, ते त्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं!

पोरगं कळवळून म्हणालं, "चाचा, तुमी कपडे इका की! साक्ष कशाला देऊन राहिलाव?"

* * *

चाचांची तोंडी गॅरंटी ठरलेली असायची, "बारावीच्या निकालापर्यंत." एक मुखेडचा मुलगा निकालानंतर आला. अंगात आमचाच टी-शर्ट, गळा जागेवर, रंग जसाच्या तसा. चाचा खूश! म्हणाले, "बघ, टिकला का न्हाई?"

तो म्हणाला, "टी-शर्ट पास झाला चाचा. मीच राहिलो. रिपीटरला अजून दोन द्या."

चाचांनी दोन काढले आणि तिसरा आपल्या मनानं वर ठेवला.

* * *

आता माझा मूर्खपणा सांगतो, तो लपवून काय उपयोग! चाचा-चाची उदगीरला लग्नाला गेले होते आणि नेमका एक एजंट आला. माल इतका मऊ, इतका चकचकीत आणि स्वस्त की माझा तोल गेला. समोर शोरूमसमोर रांग लागलेली दिसत होती ना! मी साठ नग घेतले. पाच धुणी वगैरे कोण करत बसतंय! दोन दिवसांत सगळे संपले. मी स्वतःवर फार खूश होतो.

आठवडाभरात चाचा परतले आणि पोरंही परत यायला लागली. पहिल्याच धुण्यात टी-शर्टला पीळ पडला होता. बगलेखालची शिवण फिरून पोटावर आलेली! एक जण म्हणाला, "चाचा, सरांनी सांगितलं, सरळ बस. म्या सरळच बसलोय, टी-शर्टच वाकडा हाय!"

चाचांनी बाहेर फळा लावला, "वाकडा निघालेला टी-शर्ट बदलून मिळेल." त्यांचं नाव जाणार होतं आणि ते माझ्यामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साठही नग परत आले. वर एका पोरानं एक जादाही आणला! मी लेबल पाहिलं आणि भडकलो. "अरे, हा तर समोरच्या शोरूमचा आहे!"

"हाव," तो निर्मळपणे म्हणाला. "पण तिथं बदलून देत न्हाईत."

मी त्याला हाकलणार, तेवढ्यात चाचांनी त्याच्या मापाचा नवा काढून दिला. मी दिवसभर धुसफुसत होतो. चाचा म्हणाले, "वाकडं घालून फिरंल का लेकरू?"

* * *

सप्टेंबरातली दुपार होती. क्लास चालू होते, गल्लीत चिटपाखरू नाही. दारात समोरच्या शोरूमचे शेठ स्वतः उभे! दुकान उघडल्यापासून त्यांनी आमच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जागा विकत मागायला आलेत.

शेठ आत आले, बाकावर बसले. इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चाचा, पोरीचा मेडिकलला नंबर लागलाय. पुण्याला पाठवतोय, हॉस्टेलला. पाच वर्षं राहायचंय तिला." थोडं थांबून म्हणाले, "सहा टी-शर्ट द्या. टिकणारे."

चाचा हसले नाहीत, टोमणा मारला नाही. माझ्या जिभेवर मात्र दहा टोमणे तयार होते! चाचांनी पोरीचं अभिनंदन केलं, चहा मागवला आणि एकेक टी-शर्ट उघडून, गळा ताणून, सहा नग बाजूला काढले. सहा नगांना पाऊण तास लागला.

बांधायची वेळ आली तेव्हा शेठनी खिशातून घडी घातलेली पिशवी काढली. त्यांच्याच शोरूमची, चकचकीत, मोठ्या अक्षरांत नाव असलेली. मान खाली घालून म्हणाले, "यात घालता का? गल्लीतून जायचंय."

चाचांनी पिशवी घेतली. दोन्ही बंद हातात धरून जरासे ताणून बघितले. मग आमची जाड कापडी पिशवी काढली, टी-शर्ट तिच्यात भरले आणि ती अलगद शेठच्या पिशवीत सरकवली.

"आत आमची राहू द्या शेठ," चाचा म्हणाले, "वरून तुमचीच दिसंल."