आडवी भिंत

नवापूरच्या मुनव्वर मिस्तरींनी सुरतेला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. विटांच्या भिंतीवर काचेच्या धाग्याचं कापड राळेने चिकटवायचं, म्हणजे भूकंपात विटा सुटत नाहीत. शिकून वर्ष झालं, पण काम मिळेना. अखेर विसरवाडीजवळच्या एका जुन्या शाळेचं काम मंजूर झालं.

मिस्तरी सामान घेऊन पोहोचले, तर शाळा पाडलेली. एकच भिंत उभी होती, कारण तिच्यावर विजेचा मीटर होता आणि तो काढायची परवानगी आली नव्हती.

"कागदावर मजबुतीकरण मंजूर आहे," इंजिनिअर नवनीत म्हणाला. "जेवढी आहे तेवढी करा."

मिस्तरींनी मन लावून काम केलं. गिलावा खरवडला, सांधे भरले, दोन्ही बाजूंनी कापड बसवून रोलरने हवेचे फुगे काढले. छप्पर नसलेल्या त्या भिंतीकडे ते चहा पिता पिता बराच वेळ बघत राहिले. मीटरभोवती कापड त्यांनी फार सुबक कापलं होतं.

महिन्याभराने मीटरची परवानगी आली आणि जेसीबीही आला. धक्का बसताच भिंत आतून कडकडली, कलली आणि अख्खीच्या अख्खी आडवी झाली. वीटसुद्धा निसटली नाही.

ग्रामपंचायतीचे भटू तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मिस्तरी, हाई भिंत शे का गोधडी?"

"विटा फुटल्यात तात्या, पण एकीनेही जागा सोडली नाही," मिस्तरी म्हणाले.

ट्रॉलीत मावेना म्हणून ती तिथेच राहिली. पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी टेप लावून लांबी मोजली, वाकून उंची मोजली आणि लिहिलं : भिंत सुस्थितीत. स्थिती : आडवी.

शाळा होती तेव्हा तिथे खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई तिच्यावर मिरच्या वाळवायच्या. त्यांनी मिस्तरींना गाठलं. "भाऊ, मन्हा घरन्या भिंती बी अश्याच करी दे."

"घर उभं आहे ना?" मिस्तरींनी आधी विचारलं.

घर उभं होतं, वर छप्परही होतं. कौसाबाईंनी चूल अंगणात नेली आणि मिस्तरींनी चार दिवसांत चारही भिंती केल्या. जाताना बजावलं, कापडात खिळा ठोकायचा नाही. तेव्हापासून कौसाबाईंचं कॅलेंडर दाराच्या आतल्या कडीला असतं, आणि तारीख बघायला दार लावावं लागतं.